जनूचं शीड

पावसाळाभर विरारला आमच्या मनवेलपाड्याच्या कोपऱ्यावरची मासळीवालीची जागा मोकळी असते. तिथे कुणीतरी कणसं भाजत बसतं. मग नारळी पौर्णिमा होते, समुद्र उघडतो आणि अश्विनाचं ऊन तापायला लागलं की ती बाई ओल्या बोंबलांची टोपली घेऊन परत आपल्या जागेवर येते. मला कॅलेंडर बघावं लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तो वास आला की मी समजतो, अर्नाळ्याच्या वाळूवर बांबूचे मांडव उभे राहिले असतील, त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले असतील आणि खालून मांजरं वर बघत बसली असतील.

या वर्षीच्या अश्विनात त्या वासाबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली. माझी नात सायली अंधेरीच्या एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. तिचा साहेब परदेशात बसतो.

"आजोबा, जिब म्हणजे काय?" तिने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं.

"कशाला हवंय?"

"साहेबांनी एका मुलाच्या इंटरव्ह्यूनंतर लिहिलंय, आय लाइक द कट ऑफ हिज जिब. आता हे चांगलं की वाईट? त्याला घ्यायचं की कटवायचं?"

"चांगलं आहे. साहेबांना मुलगा आवडलाय."

"मग सरळ आवडला म्हणायला काय जातं यांचं? मी मोबाइलवर बघितलं तर शिडाचं चित्र आलं. आमची सॉफ्टवेअरची कंपनी आहे आजोबा, होड्यांची नाही!"

मी हसलो आणि मास्तराच्या सवयीने समजावून सांगायला लागलो. जिब म्हणजे जहाजाच्या डोलकाठीपुढे, नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाकडे ताणलेलं तिकोनी शीड. शिडांच्या जहाजांच्या काळात वेगवेगळ्या देशांची जहाजं हे शीड आपापल्या पद्धतीने बेतत. कुणाचं लांबट, कुणाचं आखूड, कुणी एकाच्या जागी दोन लावी. समुद्रात लांबवर एखादं जहाज दिसलं की त्याचा झेंडा ओळखू येण्याआधी शिडाचा बेत ओळखू येई. येणारा आपला की वैरी, हात हलवायचा की तोफा भरायच्या, हे त्यावरून ठरवत. पुढे खलाशी बंदरात उतरले, त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही उतरली आणि शिडाची गोष्ट माणसाला लागू झाली. चेहरा, चालण्याची ढब, कपडे, बोलणं एवढ्यावरून माणूस कसा आहे ते ओळखायचं आणि म्हणायचं, मला याच्या शिडाचा बेत आवडला. किंवा नाही आवडला.

"भारी आहे," सायली म्हणाली आणि तिने कानाला हेडफोन लावले. तिचं काम झालं होतं.

माझा चहा मात्र बशीत सांडला होता. हा वाक्प्रचार मी नोकरीच्या पहिल्या वर्षी विरारच्या शाळेत मोठ्या हौसेने शिकवला होता. पुस्तकात नसताना शिकवला होता, फळ्यावर शीड काढून. त्या वर्षाच्या सहामाहीनंतर तो पुन्हा कधी शिकवला नाही. मुलांनी विचारलं तरी नाही.

*

शिकवण्याची हौस होती, कारण मला वाटे, ही इंग्रजांची नाही, आमचीच गोष्ट आहे. मी अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात वाढलो. संध्याकाळी आमच्या आळीतल्या बायका वाळूवर टोपल्या घेऊन बसत आणि क्षितिजावर नखाएवढं शीड दिसलं की सांगत, "ती बघ, हिराची आली." किंवा, "आज लखमाचा नवरा पयला." होड्या सगळ्या सारख्याच, काळ्या. मावळतीकडून येताना तर रंगही दिसत नसे, नुसती सावली. पण शीड? शीड ज्याचं त्याचं. कुणाचं वरचं टोक उंच, कुणाचं पोट भरलेलं, कुणाची खालची कड जरा वर उचललेली. घरातल्या माणसाच्या पावलांचा आवाज ओळखावा तसं आळीला शीड ओळखता येई. बाई होडी ओळखे, मग चूल पेटवायला घरी मुलीला पाठवी. त्या ओळखीवर भात शिजत असे.

ती शिडं बेतायचं काम आमच्या घरात होतं. वडील लवकर गेले. मग माझा थोरला भाऊ, दादा, ते करू लागला. पडवीत मांजरपाटाच्या पट्ट्या अंथरून, गुडघ्यांवर चालत, तो खडूने रेघा मारी. मोजपट्टी घेत नसे. होडीच्या मालकाला समोर बसवून, त्याच्याशी गप्पा मारत, त्याच्या होडीचा तोल, त्याची घाई, त्याचा आळस विचारत विचारत कापड कापी. "घाईवाल्याला पोट कमी द्यायचं," मला सांगे, "नायतर वारा भरला की हा उलटा व्हनार." मग मोठ्या दाभणाने शिवी. त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून, चांगले निवडून, धुऊन, त्याने माझा मास्तरकीचा पहिला शर्ट शिवला. विकतचा नव्हता हे कुणाला कळलं नसतं. कॉलर तेवढी जरा कडक होती, मानेला घासायची. मी शिकावं म्हणून दादाने स्वतःची शाळा सोडली होती. हे मी आज सांगतो आहे ते कुणाला बरं वाटावं म्हणून नाही. दादा कसा होता ते अर्धंच सांगितलं तर मी पुन्हा एकदा खोटी साक्ष दिल्यासारखं होईल.

जनू आमच्या शेजारचा, माझ्या वयाचा. आम्ही एका ताटात जेवलेले. वाळूवर पालथे पडून आम्ही येणारी शिडं ओळखायची पैज लावत असू. मी बहुतेकदा जिंकायचो, कारण बेतताना पाहिलेलं असे. जनू चिडून म्हणे, "तुला शीड दिसतं, मला मानूस दिसतं. बघ, तो सुकाणूवर डावीकडं टेकून बसलाय, म्हंजे नारूकाका." इतक्या लांबचं माणूस कुणाला दिसणार? मी त्याला हसायचो.

मोठा झाल्यावर जनू वडिलांच्या होडीचा तांडेल झाला, सुकाणू त्याच्या हातात आलं. त्याच्या शिडाचं टोक जरा बुटकं होतं. वडिलांच्या वेळेस शीड ताणून धरणारं आडवं लाकूड तुटलं, दुसरं मिळेपर्यंत आखूड लावलं आणि मग तेच राहिलं. दादाने शीड त्या आखूड लाकडाला बेतलं. सगळ्या समुद्रात तसं दुसरं शीड नव्हतं.

*

आता त्या अश्विनाबद्दल. मी विरारला खोली घेऊन राहत असे आणि शनिवारी दुपारी घरी येई. होड्यांना यंत्रं बसू लागली होती. शिडं अजून होती, पण नवी कुणी बेतून घेत नव्हतं. पडवीत जुन्यांना ठिगळं लावायची कामं तेवढी पडलेली. दादा हल्ली गप्प असे.

आमच्याकडे मासेमारी डोलीची. समुद्रात खुंट रोवून त्यांना मोठं पिशवीसारखं जाळं, म्हणजे डोल, बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत शिरते, मग होडीने जाऊन जाळ्याच्या शेपटाची गाठ सोडायची आणि मासळी ओतून घ्यायची. खुंटांची जागा ज्याच्या त्याच्या घराण्याची. समुद्रावर कुंपण नसतं, सातबारा नसतो, पण कोणती लाट कुणाच्या डोलीवरून जाते हे आळीला पाठ असतं. म्हणून दुसऱ्याच्या डोलीचं शेपूट सोडणं यापेक्षा मोठं पाप आमच्यात नाही. खून परवडला, असं म्हाताऱ्या बायका म्हणायच्या. आमच्या घराण्याला जागा नव्हती. आम्ही शिडं करणारे.

त्या शनिवारी मी सहामाहीचे पेपर घेऊन घरी आलो. जेवलो. दादा वसईला कापड आणायला गेल्याचं वहिनी म्हणाली. मी पेपर घेऊन बसलो तर घरात धूर भरला. वहिनीने ओली लाकडं चुलीत घातली होती.

"भाऊजी, डोळं चुरचुरतील," ती म्हणाली. "बाहेर जाऊन वाळूवर बसा की. वारा हाय, उजेड हाय. तुमचं पेपर पन लवकर व्हतील."

मी गेलो. पांढरा शर्ट, मांडीवर गठ्ठा, हातात लाल पेन. सूर्य समोरच्या बेटावरच्या किल्ल्याच्या डावीकडे उतरत होता. त्या दिवशी देवळात नवरात्राचा भंडारा होता, होड्या लवकर परतल्या होत्या, वाळू रिकामी. मान वर केली तेव्हा दूर, आळीतल्या चिमाबायच्या खुंटांच्या जागी, एक शीड उभं होतं. काळी सावली. बुटकं टोक. मी मनात म्हटलं, जनू इतक्या उशिरा काय करतोय? आणि पुढचा पेपर उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबायची डोल रिकामी आली. शेपटाची गाठ सोडून तशीच टाकलेली. चिमाबाय विधवा. तिच्या घरात पुरुष असा नव्हताच, भाचे डोल सांभाळायचे. ती किनाऱ्यावर उभी राहून ओरडली नाही, रडली नाही. नुसती एकेकाच्या तोंडाकडे बघत आळीभर फिरली. ते बघणं फार वाईट होतं.

संध्याकाळी देवळासमोर बैठक बसली. काल वाळूवर कोण होतं हे विचारलं गेलं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"मास्तर," चिमाबाय म्हणाली, "तू शिकलेला हायस. तू खोटं नाय बोलनार. कोनाचं शीड व्हतं?"

मी जनूकडे बघितलं. तो नेहमीसारखा खांबाला टेकून बसला होता, विड्या वळत. त्याला जराही धास्ती नव्हती. मला वाटलं, तो काहीतरी सांगेल, काम होतं म्हणेल, आणि विषय संपेल.

"जनूचं," मी म्हणालो.

त्याच्या हातातली विडी सुटली. "माजं? माजं शीड ह्यांच्याच पडवीत हाय! फाटलं व्हतं, शुक्रवारी दादाकडं शिवाला दिलंय!"

दादा माझ्या शेजारी बसला होता. त्याने शांतपणे मान हलवली. "शनिवारी सकाळी नेलंस ना तू परत? तुज्या वहिनीला इचार."

बायकांच्या घोळक्यात वहिनीने पदर ओढला आणि होकार दिला.

दोघे तरुण धावत किनाऱ्यावर गेले आणि परत आले. शीड जनूच्या होडीतच होतं. शिवलेलं, गुंडाळून ठेवलेलं.

"वश्या," जनू मला म्हणाला, आळीच्या देखत, "तू काल घरी जेवलास ना? पडवीत बगितलं नाय? माजं शीड तितं नव्हतं?"

मी खरंच बघितलं नव्हतं. पडवी शिडांनी कायम भरलेली असे, तिच्याकडे कोण बघतं? "मी नाही बघितलं," असं मी म्हणालो आणि वर पुन्हा म्हणालो, "पण समुद्रात होतं ते तुझंच शीड होतं. मी ओळखतो."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तेव्हा तो आधार वाटला.

*

शिक्षा अशी होती: जनूच्या होडीवर कुणी खलाशी जाणार नाही, त्याच्या मांडवाशेजारी कुणी बोंबील वाळवणार नाही. बस. मारहाण नाही, शिव्या नाहीत. डोल एकट्याला ओढता येत नाही. त्याचं जाळं किनाऱ्यावर पडून कुजलं. मोकळ्या मांडवावर त्याची म्हातारी आई काही दिवस चटई वाळत घालत असे, जागा दिसावी म्हणून. होळीच्या आधी ती दोघं गाव सोडून गेली. शीड तेवढं मागे राहिलं, वाळूत अर्धं पुरलेलं. पुढच्या पावसात तेही गेलं.

त्याची समुद्रातली जागा मोकळी झाली. पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर ती आमच्या दादाला मिळाली. शिडांचं काम बुडालं आहे, घर मोठं आहे, मास्तरचं लग्न व्हायचं आहे, असं सगळ्यांनीच म्हटलं. माझ्या लग्नाचं जेवण त्या जागेतल्या मासळीवर झालं. सुरमई, कोळंबी, काही कमी नव्हतं.

माझ्या मनात काहीच नव्हतं का? एक होतं. जनू चोर निघाला याचा मला राग होता. फसवलं मला, असं वाटे. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि हा असा. विरारच्या बाजारात तो एकदा समोरून आला, डोक्यावर विटांची पाटी होती, तर मी रस्ता ओलांडला. आणि वर्गात फळ्यावर पुन्हा कधी शीड काढलं नाही, कारण शीड काढलं की त्याचं टोक हातातून आपोआप बुटकं निघे.

इंग्रजीच्या जाड कोशांतून मी तो वाक्प्रचार नंतर अनेकदा काढून वाचला. सगळे तेच सांगतात: शिडाच्या बेतावरून दुरून माणूस कळे. एक गोष्ट त्यात कुणी लिहीत नाही. लढायांत जहाजं पकडली जात. पकडलेलं जहाज कुणी मोडून टाकत नसे. त्याच शिडांसकट ते जिंकणाऱ्याच्या ताफ्यात जाई आणि आतली माणसं तेवढी बदलत. मग दुर्बिणीतून बघणारा आपलं शीड ओळखून हात हलवी, आणि समोरून तोफ सुटे. असं किती जण मेले असतील? त्यांनी शीड अगदी बरोबर ओळखलं होतं.

*

दादा म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. मी रोज अर्नाळ्याला जाऊन त्याच्याजवळ बसायचो. मुलं त्याची चांगली आहेत, पण दाढी तो माझ्याकडूनच करून घ्यायचा. एका सकाळी साबण लावलेला असताना तो म्हणाला, "जनूचं काय झालं रं?"

मला वाटलं, भ्रम झालाय. "नालासोपाऱ्यात, आचोळ्याला असतो म्हणे. का?"

"चांगला व्हता." मग डोळे मिटून, अगदी सहज, जसं एखाद्या शिडाचं माप सांगावं तसं तो बोलत गेला. वहिनीच्या माहेरची होडी वसईच्या पाचूबंदराहून आणली होती. पडवीतलं जनूचं शीड तिला चढवलं. जागा हवी होती. दुसरी वाट नव्हती. पहाटे शीड शिवून, गुंडाळून जनूच्या होडीत ठेवलं.

माझ्या हातात वस्तरा होता. मी तो पाण्यात ठेवला.

"पण मी बाहेर बसलो होतो, दादा. मी बघितलं असतं की होडीत तू आहेस..."

त्याने डोळे उघडले. त्याला माझं नवल वाटत होतं. "म्हनून तर तुला बाहेर बसवला. कोनीतरी शीड वळखाया नको? आनि दुसऱ्या कोनाचं आळीनं ऐकलं असतं काय?"

ओल्या लाकडांचा धूर मला तेव्हा, इतक्या वर्षांनी, डोळ्यांत झोंबला.

मी त्याची दाढी पुरी केली. गाल पुसले. त्याला वाटलं असेल, विषय संपला. मला शिकवलं, कपडे दिले, बोलायची रीत दिली, आळीत मान दिला, आणि हे सगळं मला दिलं तेव्हा त्यात प्रेम होतं, यावर माझा अजून विश्वास आहे. पण तो पांढरा शर्ट घालून वाळूवर बसलो तेव्हा मीही एक शीड होतो. दादाने बेतलेलं. आळीने दुरून माझा बेत बघितला, कॉलर बघितली, लाल पेन बघितलं, आणि विश्वास ठेवला. मला वापरलं याचं दुःख तर आहेच. त्याहून जास्त सलतं ते हे की मी किती छान वापरला गेलो. कुठे फाटलो नाही, फडफडलो नाही.

दादा जिवंत असेपर्यंत बोललो नाही. तो गेला तेव्हाही बोललो नाही, सुतक होतं. मग वर्षश्राद्ध होऊ दे म्हटलं. कारणांना कधी तोटा पडत नाही. आणि मग या अश्विनात सायलीने विचारलं, जिब म्हणजे काय.

*

आचोळ्याच्या चाळीत जनूच्या मुलीने, रंजनाने, दार उघडलं. तो खिडकीशी बसला होता. खूप बारीक झालेला, पण टेकून बसायची ढब तीच.

"कोन? वश्या मास्तर?" तो म्हणाला. "वाट चुकलास काय? हितं इंग्रजी कोनाला येत नाय."

"तुझ्याकडेच आलोय."

"बस. रंजना, साहेबांना खुर्ची दे. खाली बसून पँट चुरगळंल."

मी खालीच बसलो. जे सांगायचं ते सांगितलं. होडी, शीड, धूर, दाढी. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. रंजना मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या हातातला चहा निवत होता.

"मला ठावं व्हतं," जनू शेवटी म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. ठिगळ बगितलं ना मी. तुज्या दादाचा टाका. फाटकं शीड कोनी शिवून ठेवलं माज्या होडीत, भुतानं?"

"मग बोलला का नाहीस?"

"कोनाकडं? मास्तर बोलल्यावर?" तो थोडा हसला. "तू खोटं नाय बोललास, वश्या. शीड माजंच व्हतं. तुज्या दादाचा मला राग नाय बग. त्याला जागा हवी व्हती, त्यानं घेतली. पन आपन एका ताटात जेवलेलो. तुला एकदा तरी वाटाया नको, की शीड जनूचं असंल, पन जनू त्यात नसंल?"

 

"मी काय करू, सांग," मी म्हणालो.

"हितं येऊन मला काय सांगतोस? मी केलं नाय ते मला ठाऊकच हाय. जितं बोललास तितं जाऊन बोल." मग म्हणाला, "दादाचं नाव घेशील?"

"घेईन."

"बग बाबा. घर तुटंल."

"चल ना माझ्याबरोबर."

"मी नाय येनार. माजी आई त्या वाळूत चटई वाळत घालीत बसायची. मला न्हाय बगवत ती जागा."

रंजनाने चहा माझ्यासमोर ठेवला. थंड झाला होता. तिने तो बदलून दिला नाही, आणि मीही तो सगळा प्यायलो.

*

देवळासमोर आता पत्र्याची शेड आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. दसऱ्यानंतरची बैठक होती. अध्यक्ष माझाच एक जुना विद्यार्थी. त्याला मी आधी सांगितलं की मला दोन शब्द बोलायचे आहेत.

"सर, सत्काराचं म्हणताय का? तो पुढच्या महिन्यात ठेवू."

"सत्कार नाही रे. साक्ष द्यायची आहे. आधी एक दिलेली आहे, ती चुकीची होती."

तो गोंधळला, पण त्याने मला बोलू दिलं. मी उभा राहून सगळं सांगितलं. जनूने चोरी केली नव्हती. चिमाबायच्या डोलीचं शेपूट माझ्या दादाने सोडलं. जनूचं शीड चढवून. आणि मी ते शीड ओळखून जनूचं नाव घेतलं. पुढच्या रांगेतल्या तरुणांनी एकमेकांकडे बघितलं.

"सर, जनू कोन?" एकाने विचारलं.

दुसरा हळूच म्हणाला, "शिडावरून बोट वळखायचे? नंबर नव्हता काय बोटीवर?" कुणीतरी त्याला गप्प केलं.

मागून एक म्हातारी उठली. चिमाबायची भाचेसून. "माजी सासू न् चिमामावशी, दोगी मरेपरेंत त्याला शिव्या द्यायच्या," ती म्हणाली. "दर वर्षी पयला बोंबील मांडवाव घालताना द्यायच्या, म्हंजे इडापिडा जाते म्हनून. मी पन देते. ह्या वरसाला पन दिल्या." ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

बायकांच्या बाजूला, भिंतीशी, माझी वहिनी बसली होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती काठीवर जोर देऊन उठली, लुगड्यावरची माती झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमचा पयला शर्ट कोनी शिवलेला?"

"दादाने."

"इसरू नका," ती म्हणाली आणि गेली. तिच्या मागून दादाची दोन्ही मुलं गेली. त्या घराचं दार मला आता उघडणार नाही. या दिवाळीला पुतणीचा फोन आला नाही.

बैठकीत पुढचा विषय जेटीचा होता. तो सुरू झाला. मी वाळूवर आलो. मांडवांवर बोंबील होते, ऊन उतरत होतं. होड्या येत होत्या, सगळ्यांच्या नाळेवर ठळक नंबर. मी मोबाइल काढून जनूला लावला.

"बोललास?" त्याने विचारलं.

"बोललो."

"दादाचं नाव?"

"घेतलं."

"कोन कोन व्हतं?"

मी सांगू लागलो.

"नारूकाका?"

"कधीच गेले."

"हिरा? लखमा?"

"नाहीत."

"चिमाबाय तर... ती तवाच म्हातारी व्हती." समुद्राचा आवाज त्याला फोनमधून ऐकू येत असावा. मग म्हणाला, "मंग सांगितलंस कोनाला, वश्या?"

म्हणून हे लिहिलं आहे. ज्यांनी माझं खरं मानलं होतं त्यांतलं आता कुणी राहिलं नाही. पण त्यांची मुलं, नातवंडं विरारच्या, नालासोपाऱ्याच्या इमारतींत पसरली आहेत आणि आईच्या तोंडून त्यांच्यातल्या कुणीतरी जनूच्या नावाची शिवी ऐकलेली असेल. त्यांच्यासाठी सांगतो. ते शीड जनूचं होतं. होडीत माझा दादा होता. आणि वाळूवर, पांढरा शर्ट घालून, मी बसलो होतो.